घरून काम सुरू करताय? खुर्ची सगळ्यात शेवटी घ्या

आमच्या ठाण्यातल्या मानपाड्याच्या सोसायटीत मला न मागता एक पद मिळालंय. कुणाला कंपनीनं आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची मुभा दिली, की आमची बेल वाजते. "ताई, जरा येऊन बघता का?" मी जाऊन बघते. बहुतेक घरांत चित्र तेच. बेडरूमच्या कोपऱ्यात नवी कोरी फिरती खुर्ची, पाठीवरचं प्लास्टिकही न काढलेली, आणि तिच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे. माणूस मात्र स्वयंपाकघराच्या ओट्याशी लॅपटॉप उघडून उभा, कारण नेट तिथेच नीट येतं.

खुर्ची वाईट नसते. ती आधी घेतली जाते, एवढीच चूक. आधी खुर्ची, मग टेबल, मग नेट रडायला लागलं की राउटर, मग घरात भांडणं झाली की नियम, आणि ऑफिसशी बोलणी सगळ्यात शेवटी. याच्या नेमकं उलट चाललात तर पैसेही कमी जातात आणि डोकंही शाबूत राहतं. मी ऐरोलीच्या एका ऑफिससाठी पगारपत्रकांचं काम करते. तीन दिवस घरून, दोन दिवस जाऊन. घर वन बीएचके. खाली दिलेला क्रम त्या घरात चुका करून बसलेला आहे.

टप्पा १: आठवडाभर वही

काही विकत घेण्याआधी सात दिवस एक साधी वही जवळ ठेवा. पानाच्या मध्ये रेघ मारा. डावीकडे कामाचं लिहा, उजवीकडे घराचं.

डावीकडची बाजू सगळेच भरतात. कॉल किती, कधी, किती वेळाचे. त्यात एक भर घाला: प्रत्येक कामापुढे ‘बोलायचं’, ‘एकटीचं’ किंवा ‘वाट बघायचं’ असं लिहा. वाट बघायचं म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरावाचून अडलेलं. हे तिसरं खूप असेल तर तुम्हाला खोलीपेक्षा चांगल्या ईमेल लिहिण्याची गरज जास्त आहे. त्याबद्दल पुढे.

उजवीकडची बाजू कुणी भरत नाही, आणि खरा घोळ तिथेच असतो. माझ्या वहीत होतं ते असं: ७:४० शाळेची बस, ९:३० पोळ्यांच्या मावशी, १०:०० कुकर, ११:०० भांडी आणि लादी, १:३० सासूबाईंची मालिका, ४:३० मुलगा घरी, ५:०० खालच्या मैदानात क्रिकेट. हे लिहिल्यावर कळलं, की आमच्या घरात खरी शांतता ११:४५ ते १:३० आणि नंतर २:३० ते ४:३०, एवढीच आहे. माझे दोन मोठे कॉल होते बरोबर दहाला आणि पाचला. आठवडाभर मी कुकरवर चिडत होते. चूक वेळापत्रकाची होती.

तपासा: नवरा-बायको दोघंही घरून काम करणार असाल तर दोघांच्या वह्या शेजारी ठेवा आणि दोघांचे कॉल एकाच वेळी किती वेळा येतात ते मोजा. आठवड्यात एक-दोनदा येत असतील तर एक जण तेवढा वेळ गॅलरीत जाऊ शकतो. रोज येत असतील तर बसायच्या जागा दोन लागतील, आणि हे टेबल घेण्याआधी कळलेलं बरं.

परदेशातल्या लोकांसोबत काम असेल तर आणखी एक नोंद करा. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं, त्यांचं नसतं. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ६:३० ला येते, हिवाळ्यात ७:३० ला. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलते, ब्रिटन मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दोन्ही देशांतली माणसं एकाच कॉलवर असतील तर मधल्या दिवसांत हमखास कुणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येतं. हे चार रविवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा.

टप्पा २: ऑफिसकडून लेखी घ्या

"साहेब हो म्हणालेत" हे पुरेसं नाही. साहेब बदलतात. एक छोटा ईमेल लिहा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. त्यात एवढं हवं: घरून कोणते दिवस, कोणत्या वेळेत तुम्ही लगेच उत्तर द्यायचं आणि कोणत्या वेळेत नाही, लॅपटॉप, हेडफोन, जादा स्क्रीन कोण देणार, लॅपटॉप बिघडला तर घेऊन जायचा की माणूस येणार, नेटचा खर्च मिळणार का, मिळणार असेल तर बिल कुणाच्या नावावर लागतं. हे शेवटचं लोक विसरतात. आमच्या मजल्यावरच्या एकांचं नेटचं बिल वडिलांच्या नावावर होतं, म्हणून सहा महिन्यांचे पैसे अडकले.

महिनाभरासाठी गावी जाऊन काम करायचा विचार असेल तर तेही विचारून घ्या. घरून काम म्हणजे कुठूनही काम, असं बऱ्याच कंपन्या मानत नाहीत.

सावध: नोकरीच नवी असेल आणि ती फक्त घरून असेल, तर एक नियम पक्का धरा. पगार देणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही. नोंदणी फी, ट्रेनिंगची अनामत, लॅपटॉपचं डिपॉझिट, काहीही. डेटा एन्ट्रीच्या नावाखाली आधी काम करून घ्यायचं, मग ‘चुका जास्त निघाल्या, करार मोडलात’ म्हणून वकिलाच्या नावानं धमकीची नोटीस पाठवायची, हा जुना धंदा आहे. टेलिग्रामवर हॉटेलांना स्टार द्यायचे आणि पहिले दोन दिवस थोडे पैसे मिळायचे, हा त्याचा नवा अवतार. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

टप्पा ३: घरातली बोलणी

हा टप्पा सगळे गाळतात, विशेषतः पुरुष. त्यांना तो लागतच नाही, असं त्यांना वाटतं. बाईला लागतो, कारण तिचं घरी असणं आणि मोकळं असणं घरच्यांच्या मनात एकच असतं. "घरीच आहेस ना, सिलिंडर घे." "घरीच आहेस ना, आत्याबाई येतायत बाराला." यात कुणाची वाईट बुद्धी नसते. त्यांना काम दिसत नाही, फक्त लॅपटॉपकडे बघत बसलेली सून दिसते.

म्हणून पहिल्या दिवसाच्या आधी, सगळे जेवायला बसलेले असताना, वही पुढे ठेवून बोला. वैतागून नको, आणि विनंतीच्या सुरातही नको. ठरवायचं ते असं:

दार. आमच्याकडे बेडरूमच्या कडीला लाल रुमाल बांधला की कॉल चालू. रुमाल नसेल तर कुणीही आत यावं. दिवसभर रुमाल ठेवलात तर तिसऱ्या दिवशी त्याला कुणी विचारत नाही. कॉलपुरताच बांधा.

बेल. सोसायटीत गेटवरचं अॅप असेल तर कामाच्या वेळेत सूचना कुणाच्या फोनवर जाणार ते बदलून घ्या. नाहीतर कुरियरवाल्याला ‘होय, सोडा’ करता करता साहेबांचं वाक्य निसटतं. पार्सल वॉचमनकडे ठेवायला सांगता येतं.

मावशी. त्यांची वेळ तुमच्या सोयीनं बदलायला जाऊ नका. त्यांची पुढची चार घरं असतात. तुमचा कॉल हलतो का ते आधी बघा. माझा दहाचा कॉल पावणेबाराला गेला, ऑफिसात कुणाला फरक पडला नाही. मी विचारायला मात्र पाच महिने घेतले.

घरची कामं. ‘मध्ये मध्ये होईल’ असं कबूल करू नका. एक ठरलेली वेळ द्या. माझी १:३० ते २:३०. बँक, गॅस, शाळेचा फोन, सगळं त्यात. आणि जे ऑफिसला जाताना तुम्ही करत नव्हतात, ते घरून काम सुरू झालं म्हणून आपोआप तुमच्याकडे आलंय का, हे महिन्याभरानं एकदा तपासा. आमच्याकडे दूध, भाजी आणि मुलाचा अभ्यास असे तीन विषय गुपचूप माझ्या खात्यात आले होते. दोन परत पाठवले.

लहान मुलाला "आईला त्रास देऊ नको" हे कळत नाही. "मोठा काटा सहावर आला की मी बाहेर येते" हे कळतं. मग काटा सहावर आला की खरंच बाहेर या.

टप्पा ४: वीज

आता खर्च सुरू. आणि तो नेटपासून नव्हे, विजेपासून.

ठाणे-नवी मुंबईत वीज महावितरणची. ग्राहक क्रमांकाला तुमचा मोबाइल जोडलेला असेल तर ठरवून केलेल्या दुरुस्तीचा मेसेज आधी येतो. भाड्याच्या घरात तो मालकाच्या मोबाइलवर जातो आणि मालक असतो पुण्यात. तेव्हा आधी तो नंबर बदलून घ्या. १९१२ वर तक्रार करता येते, पण बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी लागतो. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

मग गरज मोजा. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा, राउटर १० ते १५, पंखा ७० च्या आसपास (कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा असेल तर त्याच्या निम्मा), एक दिवा १०. सगळं मिळून दीडशे वॅट धरा. आता पर्याय:

फक्त राउटरसाठी मिनी यूपीएस. वहीएवढी बॅटरीची डबी असते, राउटर आणि त्याच्या अॅडॉप्टरच्या मध्ये बसते. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असतेच, त्यामुळे बहुतेकांना एवढंच पुरतं. घेताना राउटरच्या अॅडॉप्टरवरचे आकडे बघा: १२ व्होल्ट आणि १, दीड किंवा २ अँपिअर असं लिहिलेलं असतं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

डेस्कटॉपसाठी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. यात साधारण १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास, हातात त्याहून बरेच कमी. लॅपटॉप आणि राउटर त्यावर अर्ध्या तासाच्या आसपास चालतात. फाईल सेव्ह करून निरोप द्यायला ठीक, दुपार काढायला नाही.

इन्व्हर्टर. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले वापरायला हजार-बाराशे धरले तरी दीडशे वॅटवर सहा-सात तास निघतात. घरात म्हातारी माणसं असतील, पंखा लागतोच, तर हाच घ्या.

मोठ्या टॉवरमध्ये लोक म्हणतात, "आमच्याकडे जनरेटर आहे." असतो, पण तो सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि कॉल तुटतो तो तुटतोच. जनरेटर असला तरी राउटरला मिनी यूपीएस हवाच. शिवाय जनरेटरची लाइन घरातल्या एखाद-दुसऱ्या पॉइंटलाच असते. तो कोणता, ते सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारून त्यावर चिठ्ठी चिकटवा.

सावध: इस्त्री, लेझर प्रिंटर, मिक्सर यूपीएसवर लावू नका. एकाला एक जोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांची माळही नको. तीन पिनांच्या चार्जरची मधली पिन काढून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसणारी माणसं आजही भेटतात. अर्थिंग हवं, पिन काढू नका.

टप्पा ५: नेट

‘किती एमबीपीएसचा प्लॅन घेऊ?’ हा पहिला प्रश्न असतो आणि तो बहुतेकदा चुकीचा असतो. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस पुरतात. घरात दोन कॉल आणि एक टीव्ही चालू असला तरी ५० चा प्लॅन कमी पडू नये. दोनशेचा घेऊनही चेहरा गोठतो, कारण अडचण प्लॅनमध्ये नसते. ती कुठे आहे ते असं शोधा.

पहिलं, घरात येणारी तार बघा. बारीक, काचेच्या धाग्याची असेल आणि टोकाला हिरवी किंवा निळी चौकोनी खुंटी असेल, तर फायबर थेट तुमच्या घरात आहे. जाड असेल आणि टोक जुन्या टेलिफोनच्या पिनेसारखं पण रुंद असेल, तर ती लॅनची तार आहे. म्हणजे फायबर जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या पेटीपर्यंतच आलंय. त्या पेटीला बिल्डिंगची वीज लागते. ती गेली की तुमचा यूपीएस कितीही भारी असो, नेट जातं. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला. नेटवाला दर वेळी "मॅडम, राउटर बदला" म्हणायचा. फायबर घरापर्यंत आणून द्यायला सांगा, नाहीतर कंपनी बदला.

दुसरं, फायबरची तार ज्या डबीत जाते तिच्यावरचे दिवे शिका. ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर असला की बाहेरची लाइन ठीक. ‘लॉस’ लाल लुकलुकायला लागला की तार तुटलीय किंवा खुंटी निसटलीय. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, तक्रार नोंदवा. काही घरांत फायबरची डबी आणि वाय-फायचा राउटर वेगवेगळे असतात. तेव्हा दोन्ही यूपीएसवर हवेत. एकच लावला म्हणून फसलेली तीन घरं मी पाहिली.

तिसरं, भिंती. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरांत राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. यातल्या बऱ्याच इमारती मिवान पद्धतीच्या आहेत: विटांच्या नव्हेत, आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. त्यातून वाय-फाय जाताना दम तोडतं. राउटर दारामागच्या डक्टजवळ आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडे, असं असेल तर प्लॅन वाढवून उपयोग नाही. ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल वेगवान पण भिंतीला घाबरणारा, २.४ चा हळू पण लांब जाणारा, आणि शेजारच्या वीस घरांच्या वाय-फायच्या गर्दीत सापडणारा. उपाय सोपा आणि स्वस्त आहे: लॅनची तार. दाराच्या चौकटीच्या कडेनं क्लिपा मारत लॅपटॉपपर्यंत आणा. दिसायला बरी नाही दिसत. कॉल मात्र तुटत नाही. तार अगदीच नको असेल तर मेश राउटर, म्हणजे वाय-फाय पुढे पुढे नेणारे दोन-तीन डबे, पण त्याचा दुसरा डबा टेबलाजवळ ठेवायचा नसतो. जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी ठेवायचा असतो.

चौथं, दुसरी वाट. मोबाइलचं हॉटस्पॉट ठेवाच, पण ते वेगळ्या कंपनीचं. घरचं फायबर आणि फोनचं सिम एकाच कंपनीचं असेल तर एका बिघाडात दोन्ही जातात. तासाभराचा व्हिडिओ कॉल एक जीबीच्या आसपास खातो, ग्रुप कॉल त्याहून जास्त. रोजच्या दीड-दोन जीबीच्या प्लॅनवर दिवस निघणार नाही, तेव्हा अशा वेळी कॅमेरा बंद ठेवा. उंच मजल्यांवर फोनला एकदम खूप टॉवर दिसतात आणि तो घुटमळत राहतो, त्यामुळे हॉटस्पॉट घरात नेमका कुठे ठेवल्यावर चालतो ते आधीच शोधून ठेवा. आमच्याकडे तो देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत चालतो. सासूबाईंची परवानगी घेतलीय.

तपासा: स्पीड टेस्ट बसणार त्याच जागी करा, सकाळी अकराला आणि रात्री नऊला, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) लावून आणि न लावता. अपलोडचा आकडा आणि पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, कमी तितका बरा) बघा, डाउनलोड नव्हे. लॅन तारेवर छान आणि वाय-फायवर वाईट असेल तर दोष घरातला. दोन्हीकडे वाईट असेल तर नेटच्या कंपनीचा. व्हीपीएन लावल्यावरच वाईट असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांचा. नेटवाल्याशी भांडायचं की नाही, हे यावरून ठरतं.

राउटरचा मूळ पासवर्ड, जो डबीखाली छापलेला असतो, तो आजच बदला. आणि ऑफिसचा लॅपटॉप मुलाच्या प्रोजेक्टला देऊ नका. ‘फक्त दोन मिनिटं’ही नाही.

टप्पा ६: जागा, आणि आता खुर्ची

जागा ठरते ती तीन गोष्टींनी: वहीतल्या शांत वेळा, नेट चालतं तो कोपरा, आणि उजेड. खिडकी बाजूला हवी. पाठीमागे असेल तर कॅमेऱ्यात तुमचा काळा ठोकळा दिसतो; समोर असेल तर दुपारनंतर डोळ्यांवर ऊन. समोरच्या विंगमधून तुमचा स्क्रीन वाचता येतो का, हेही एकदा बघा. माझ्या स्क्रीनवर लोकांचे पगार असतात.

मिवानच्या भिंतीवर घडीचं टेबल लावायचं असेल तर साध्या ड्रिलनं होत नाही, रोटरी हॅमर लागतो. त्या भिंती वजन पेलणाऱ्या असतात, म्हणून छिन्नीनं फोडायला तर नाहीच, आणि भोक पाडण्याआधीही सोसायटीच्या ऑफिसात विचारा.

डायनिंग टेबल चालतं का? चालतं. ते साधारण ३० इंच उंच असतं आणि आपल्याकडच्या पाच फुटी बायकांना टायपिंगसाठी जरा उंचच पडतं. खांदे वर उचलले जातात, संध्याकाळी मान धरते. खुर्ची उंच करा, म्हणजे कोपर टेबलाच्या पातळीला येईल. मग पाय लोंबकळतात, त्यांच्याखाली जेवणाचा लाकडी पाट ठेवा. पाठीला वेगळं काही विकत घेण्याआधी एवढं करून बघा.

लॅपटॉप एकटा वापरणं हीच मोठी चूक आहे. स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, हात खाली ठेवले तर मान वाकते. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस, आणि लॅपटॉप दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, अंतर हातभर.

हे सगळं झाल्यावर खुर्ची. दुकानात जाऊन वीस मिनिटं बसून बघा, ऑनलाइन फोटोवर जाऊ नका. उंची कमी-जास्त होते का, कंबरेला टेकू लागतो का, खुर्चीचे हात टेबलाखाली जातात का. डोक्याची उशी, रंगीत पट्टे वगैरे गेम खेळणाऱ्या पोरांसाठी. वापरलेली ऑफिसची खुर्ची नव्या शोभेच्या खुर्चीपेक्षा बरी.

टप्पा ७: रंगीत तालीम

पहिल्या खऱ्या दिवसाआधी, एका सुट्टीच्या दिवशी, मैत्रिणीला तासभराचा व्हिडिओ कॉल लावा. कुकर चालू असताना, टीव्ही चालू असताना. तिला विचारा काय काय ऐकू येतं. कॉल रेकॉर्ड करून स्वतः ऐका. पंख्याचा आवाज आपल्याला जाणवत नाही, माइकला जाणवतो. मग कॉल चालू असतानाच घरातला मेन एमसीबी खाली करा. नेट टिकलं? कॉल टिकला? मग राउटर मुद्दाम बंद करा आणि हॉटस्पॉटवर जायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागला तर पासवर्ड आधी जोडून ठेवा.

सावध: एमसीबी पाडल्यानं फक्त तुमच्या घरची वीज जाते. जिन्यातली पेटी चालूच असते. त्या पेटीची परीक्षा खरी वीज जाईल तेव्हाच होते. तेव्हा काय झालं ते वहीत लिहा.

टप्पा ८: रोजचा दिवस

सुरुवात घराबाहेरून करा. खाली उतरा, सोसायटीला एक चक्कर मारा किंवा जवळ असेल तर कचराळी तलावाला फेरी घाला, नेरूळ-सीवूड्सवाल्यांनी पाम बीचकडे जावं, आणि ‘कामावर’ परत या. पायजमा बदला. हे वेडेपणाचं वाटतं, पण अंथरुणातून थेट मीटिंगमध्ये गेलेला माणूस अकराला पुन्हा आडवा होतो.

घरून काम करणाऱ्याचं खरं कौशल्य लिहिण्यात आहे. समोरच्याला तुमचा चेहरा दिसत नाही, फक्त तुमचा निरोप दिसतो. रोज पाहते तो निरोप: "सर, थोडा इश्यू आहे, बघतेय." यावर साहेबांनी करायचं काय? हाच असा लिहा: "पगाराची फाईल तीन ठिकाणी अडलीय. दोन मी चारपर्यंत सोडवते. तिसऱ्यासाठी नव्या लोकांची खाते यादी लागेल. ती दोनपर्यंत तुमच्याकडून आली तर आजच संपेल." काय झालं, मी काय करतेय, तुमच्याकडून काय हवं, कधीपर्यंत. एवढं असलं की ‘जरा कॉल करू का’ची संख्या निम्म्यावर येते. मघाशी म्हटलेलं ‘वाट बघायचं’ कामही यानंच कमी होतं.

सकाळी तीन ओळी: आज काय करणार. संध्याकाळी तीन: काय झालं, काय राहिलं. कुणी मागितलं नाही तरी पाठवा. ऑफिसात तुम्ही दिसता, घरात दिसत नाही, आणि बढतीच्या यादीत न दिसणारी माणसं मागे पडतात. हे अन्यायाचं आहे, पण आहे.

प्रवासाचा वाचलेला वेळ आधीच वाटून टाका. घोडबंदरहून बीकेसीला जाणाऱ्याचे दिवसाचे तीन तास सहज वाचतात. ते कुठे जातात ते विचारा, सांगता येत नाही. ते कामातच मुरतात. माझा सकाळचा अर्धा तास चालण्याचा, संध्याकाळचा पाऊण तास मुलाचा. दोन्ही कॅलेंडरवर मीटिंगसारखे लावलेत, नाहीतर त्यावर दुसरं कुणीतरी मीटिंग लावतं.

बंद करताना लॅपटॉप मिटून कपाटात ठेवा. टेबलावर उघडा राहिला की जेवता जेवता ‘एकच मेल’ होतो.

एकटेपणाला माझ्याकडे पक्का इलाज नाही. आठवड्यातून एकदा कामाशिवाय एका सहकाऱ्याला फोन करते. काही जण वागळे इस्टेटमध्ये किंवा वाशीत दिवसाच्या भाड्यानं टेबल घेतात. महिन्यातून दोनदा परवडत असेल तर वाईट नाही. शेजारच्या फ्लॅटचं काम निघालं, दिवसभर ड्रिल चालू झालं, तेव्हा तर नक्कीच. आपल्या सोसायटीत फोडाफोडीच्या वेळा काय ठरल्यात ते कमिटीकडून कळतं. नोटीस लागली की त्या वेळा वहीत घ्या.

टप्पा ९: जाण्याचे दिवस आणि पाऊस

दोन चार्जर ठेवा, एक घरी, एक ऑफिसच्या कप्प्यात. मी पहिल्या वर्षात चार्जरसाठी ऐरोलीहून दोनदा परत आले. ठाण्याहून दिघा गाव, मग ऐरोली, प्रवास तसा छोटा. पण चार्जर घरी राहिला की ती गाडी फार हळू जाते.

बोलायची कामं ऑफिसच्या दिवशी, एकटीची घरच्या दिवशी. ऑफिसला जाऊन हेडफोन घालून बसायचं असेल तर भाड्याचे पैसे वाया.

जोराच्या पावसात कुर्ला-शीवकडे पाणी भरून गाड्या थांबल्या, की ऑफिस ऐनवेळी सगळ्यांना घरूनच काम करायला सांगतं. म्हणून जून ते सप्टेंबर लॅपटॉप रोज घरी आणा, ऑफिसात ठेवू नका, आणि बॅगेत एक मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवा. बॅग वॉटरप्रूफ आहे असं बॅगेवर लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

आणि मे संपायच्या आत मिनी यूपीएसची परीक्षा पुन्हा घ्या. बॅटऱ्या मुकाट्यानं मरतात. गेल्या मेमध्ये मी एमसीबी खाली केला आणि घड्याळ लावलं. नवा असताना साडेतीन तास चाललेला डबा चाळीस मिनिटांत विझला. पहिला पाऊस त्यानंतर नऊ दिवसांनी आला, तोवर नवा डबा लागला होता.